जिभेला न लागणारं तीर्थ

मोहटोल्याच्या बोडीवर, म्हणजे गावतळ्यावर, त्या दिवशी इतकी माणसं लोटली, की पाण्यातले बगळे उठून शेजारच्या गावच्या तळ्यावर गेले. बिचारे अडाणी पक्षी. चमत्कारातलं त्यांना काय कळणार?

बोडीच्या पाळीवर मांडव होता, मांडवात खुर्ची होती आणि खुर्चीवर व्याघ्रचर्म होतं. ते ब्लँकेटचं होतं हे खरं, पण वाघ चांगला ठळक छापलेला होता. ज्या मुलखात खरा वाघ येऊन गोठ्यातली कालवड नेतो, तिथल्या माणसांना छापील वाघाचं कौतुक जरा जास्तच. त्या वाघावर श्री श्री एककंद महाराज बसले होते. दाढी काळीभोर, वय असेल पस्तिशीचं. समोर साठी ओलांडलेला देवाजी गळा धरून उभा होता.

देवाजीचा गळा म्हणजे गावाचा भोंगा. धानाच्या बांधीत उभं राहून त्यानं बैलाला हाक मारली, तर नागभीडच्या फाटकावर थांबलेली माणसं वळून बघतील असा. आज मात्र त्यातून नुसती घरघर निघत होती.

"क्या खाया था, बच्चा?" महाराजांनी विचारलं.

"कोचई खाल्ली जी," बच्चा म्हणाला.

"कौनसी कोचई?"

"लालदेठी."

"लाल!" महाराजांनी डोळे मिटले. "रागाचा रंग लाल. रक्ताचा रंग लाल. मातेच्या जिभेचा रंग लाल. और तू लाल खाता है?"

कुंकवाचाही रंग लालच असतो, हे मांडवात कोणाला सुचलं नाही. सगळे लालदेठी खाऊन आले होते आणि सगळ्यांचे गळे खाजत होते. गळा खाजत असला की माणसाला फारसं काही सुचत नाही.

महाराजांनी तांब्या उचलला. "मुंह खोल. जीभ खाली दाब. जिभेनं माणूस खोटं बोलतो, जिभेनं शिव्या देतो. जिभेला लागलं की तीर्थ उष्टं. सीधा गले में!"

देवाजीनं मान मागं टाकली, आ वासला. वरून धार पडली. गट् गट् गट्. थोड्या वेळानं देवाजीनं खाकरून बघितलं, मग पुन्हा एकदा खाकरून बघितलं, आणि मग तो भोंगा वाजला: "गेली ना बाप्पा! खाज गेली!"

"एक माता!" महाराज ओरडले.

"एक कंद!" गावानं उत्तर दिलं. मांडवाच्या कडेला कडेवर लेकरू घेऊन उभी असलेली नीलिमा तेवढी गप्प राहिली, कारण आचल तेव्हाच तिच्या पदराशी झटापट करत होती.

पुण्यामुंबईकडे जिला अळकुडी म्हणतात, तीच इकडची कोचई. धान संपत आलं, रोजी मिळेनाशी झाली, की या गावांचं पोट कोचईवर निघतं. नीलिमाच्या सासूकडे, गोकुळाबाईकडे, चार परीच्या, म्हणजे चार जातींच्या, कोचईचं बियाणं होतं. बोडीच्या काठाला पाण्यात पाय सोडून बसणारी पाणकोचई. शेताच्या धुऱ्यावर लावायची लालदेठी, पावसानं दगा दिला तरी तग धरणारी. पानांच्या वड्यांसाठी काळदेठी. आणि सांदवाडीतली, घरामागच्या परसातली हिरवी, ती गणपतीच्या सुमारालाच तयार. दरवर्षी काढणी झाली की चारही परीचे गड्डे निवडून, राखेत घोळून, घराच्या थंड कोपऱ्यात वेगवेगळ्या टोपल्यांत ठेवायचे, हे काम गोकुळाबाई कोणाला करू देत नसत. सुनेलाही नाही. त्यांच्या सासूनंही त्यांना फार उशिरा हात लावू दिला होता म्हणे.

आता महाराजांचा हुकूम असा होता, की पौष पुनवेला हे सगळं बियाणं मांडवात आणून मातेला अर्पण करायचं. शापित गड्डे महाराजांचा पिकअप घेऊन जाणार आणि नदीत शिरवणार, म्हणजे विसर्जन करणार. मोबदल्यात, अर्थात यथाशक्ती दक्षिणा घेऊन, प्रत्येक घराला सिद्ध कंद मिळणार. पांढरदेठी. तेवढी एकच लावायची, तेवढी एकच खायची. शिजवलेल्या सिद्ध कंदाचा गोड प्रसाद मांडवात आधीपासूनच मिळत होता, आणि तो खाऊन कोणाचा गळा खाजत नव्हता.

महाराजांनी हे असं एकदम सांगितलं नव्हतं. आधी त्यांनी व्रत दिलं. व्रताचे नियम सोपे: धरणाऱ्यानं पुनवेपर्यंत आंबट शिजवायचं नाही, आंबट खायचं नाही, आणि कोचई एकाच वाफेवर उतरवायची. दुसरी उकळी दिली की माता पोळते. बायांनी नियम डोक्यावर घेतला. गळे खाजायला लागले ते त्यानंतर. पण आधी काय झालं आणि नंतर काय, याचा हिशेब भक्तांनी ठेवायचा नसतो.

गावातले काही जण तर मनातून खूशच होते. देवाजी पारावर सांगत होता, "चार चार परी लावून कायची झंझट? बजारात येपारी म्हणते, एकसारखा माल आना. महाराजबी तेच म्हणून राह्यले. देव आन् येपारी एकच गोठ सांगते, म्हंजे खरीच असन!"

गोकुळाबाई खूश नव्हत्या. त्या भ्यायल्या होत्या. रोज संध्याकाळी टोपल्यांजवळ जाऊन बसत, गड्ड्यांवरून हात फिरवत. हा हात लेकीला सासरी धाडतानाचा आहे, हे नीलिमाच्या लक्षात येत होतं.

"माय, नाई द्याचं वाटत तं नोका देऊ," ती एकदा म्हणाली.

"गळा खाजून राह्यला ना वो माहा! इतकी वर्सं खाल्ली, कधी नाई खाजला. देवीचा कोप नाई तं काय हाये?"

"मीबी तेच खातो. मले काऊन नाई खाजत?"

गोकुळाबाईंकडे याचं उत्तर तयार होतं. "अंगावर पाजणाऱ्या बाईले माता माफ करते."

नीलिमा बारावी सायन्सपर्यंत शिकलेली होती. निकालाच्या आधी लग्नाची तारीख निघाली, म्हणून सायन्स तिथंच राहिलं. पण डोकं काही माहेरी ठेवून आली नव्हती. तिनं विचार केला. भांडं तेच, चूल तीच, गड्डे एकाच टोपलीतले. फरक एवढाच, की लेकरू अंगावर पितं म्हणून सासूनंच तिला व्रत धरू दिलं नव्हतं, आणि तिची वाटीभर भाजी ती वेगळी काढून, अंबाडीची वाळलेली फुलं टाकून पुन्हा उकळत होती. नेहमीसारखी. माता माफ करत होती, की अंबाडी?

उत्तर आचलनं दिलं. आचल नऊ महिन्यांची. खालचे दोन दात नुकतेच तांदळाच्या कणीएवढे वर आलेले, आणि त्यापायी घरादाराला जागरण. गोकुळाबाई मांडवातून वाटीत तीर्थ घेऊन आल्या. नातीवर जीव. "दात निघून राह्यले माह्या बाईचे. दोन थेंब देतो." पण नऊ महिन्यांच्या लेकराची मान मागं करून घशात धार ओतायची कशी? तेवढी भक्ती कोणत्याच आजीच्या अंगात नसते. त्यांनी करंगळी बुडवली आणि आचलच्या जिभेवर टेकवली.

आचलचा एक डोळा मिटला. नाक चिमटलं. दोन्ही खांदे कानांना जाऊन लागले, आणि त्या टीचभर अंगातून एक शहारा पायाच्या बोटांपर्यंत गेला. मग तिनं ओठ चाटले आणि आणखी पाहिजे म्हणून तोंड उघडलं.

गोकुळाबाई हसल्या. "पाह्य, आवडलं माह्या पोरीले!" आणि वाटी ठेवून गाईला चारा टाकायला गेल्या.

नीलिमा मात्र बघतच राहिली. हे तोंड तिच्या ओळखीचं होतं. आईला लेकराची सगळी तोंडं पाठ असतात: झोपेचं, भुकेचं, लबाडीचं. हे तोंड अंबाडीच्या चटणीचं होतं. तिनं वाटीतला थेंब आपल्या जिभेवर घेतला आणि गिळला नाही. आधी गूळ लागला. मग कापूर. आणि दोघांच्या खाली अंग चोरून बसलेली चिंच.

तिनं नवऱ्याला सांगितलं. हेमराज मांडवात माइक सांभाळायचा. महाराजांच्या प्रत्येक वाक्यानंतर 'एक कंद' म्हणायची जबाबदारी त्याच्यावर होती.

"तीर्थात चिच हाये," नीलिमा म्हणाली.

"उगी राह्य वो. लोक मारतीन आपल्याले."

"चिच हाये म्हणून?"

"चिच हाये म्हणून नाई. तू सांगतलं म्हणून."

यात खोटं काही नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला. तिची आई, कमळाबाई, सावरटोलीची. रोज न चुकता व्हिडिओ कॉल लावायची. लेकीशी बोलायला नाही, नातीचं तोंड बघायला. आज मात्र तिला मांडवाच्या भोंग्याचा आवाज ऐकू आला.

"बाई वो! एककंदवाला तुमच्याइथी आला काय? आमच्या गावाहूनच तं गेला. आमची सारी पांढरदेठी भरून नेली त्यानं."

नीलिमानं फोन कानाजवळ घेतला. "कोणती नेली?"

"पांढरदेठी. म्हणे पांढरा रंग मढ्याचा, कफनाचा. शापित हाये. लालदेठी तेवढी सिद्ध म्हणे, कुंकवावाणी. तेच देऊन गेला. नदीत शिरवतो म्हणे पांढरी."

नीलिमा हसायला लागली. इतकी हसली, की आचलही काही न कळता हसायला लागली. म्हणजे सावरटोलीचा शाप पिकअपमध्ये बसून मोहटोल्याला आला, की आशीर्वाद होत होता. आणि मोहटोल्याचा शाप पुढच्या गावी आशीर्वाद होणार होता. मातेचा कोप नेमका त्या रंगावर व्हायचा, ज्या रंगाचं बियाणं गावात भरपूर. नदी काही मधे कुठे लागत नव्हती.

पुनवेला सकाळी मांडवात बायांची रांग लागली. प्रत्येकीच्या डोक्यावर टोपली. पिकअपचा मागचा फळका उघडा, अर्धी पोती भरून झालेली. गोकुळाबाई रांगेत होत्या, डोळे लाल. मागं नीलिमा, एका हातावर आचल, दुसऱ्या हातात स्टीलचा डबा.

गोकुळाबाईंनी टोपली खाली ठेवायच्या आधी नीलिमा पुढं झाली.

"महाराज, एक शंका हाये जी."

"शंका पाप है, माई."

"पाप हाये तं तीर्थ द्या मंग. धुऊन टाकतो."

लोक हसले. महाराजही हसले, हसण्यात धोका नाही असं त्यांना वाटलं. तांब्या उचलला. नीलिमानं मात्र आ वासला नाही, डबा खाली ठेवून तळवा खोलगट करून पुढं केला. तीर्थ तळव्यात आलं. तिनं लेकराला सावरलेल्या हाताचं बोट बुडवलं आणि सगळ्यांसमोर आचलच्या जिभेवर टेकवलं.

एक डोळा मिटला. नाक चिमटलं. खांदे कानांना लागले.

बायांच्या बाजूला कोणीतरी फिसकन हसलं. लेकरं वाढवलेल्या बाया होत्या त्या. त्या तोंडाला शास्त्राचा आधार लागत नाही, पुराव्याचा कागद लागत नाही.

"आंबट लागलं वाटते पोट्टीले," मागून एक जण म्हणाली.

"माय," नीलिमा सासूकडे वळली, "तुमी चाखा. जिभेवर ठेवा, गिळू नोका. मीच चुकली असन तं टोपली मी सोता पिकअपात ठेवतो."

"जिव्हा को मत लगाना!" महाराज ओरडले. "भस्म हो जाओगी!"

गोकुळाबाईंनी नातीकडे बघितलं. नात ओठ चाटत होती. भस्म होण्याचं कुठलंही लक्षण दिसत नव्हतं. आजीनं सुनेच्या तळव्यात बोट बुडवून जिभेवर ठेवलं. तोंड हललं. भुवया वर गेल्या. आणि मग त्या बाईला जो राग आला, तो शापाचा नव्हता, फसवणुकीचाही नव्हता.

"चिच हाये हे! माहा वरत मोडला याच्या मढ्यानं! मले म्हणे आंबट पाप हाये, चिचेले हात लावू नोको, आन् रोज आपल्या हातानं चिच पाजून राह्यला मले? सांग काऊन? काऊन?"

भक्तीतून माणूस असाही बाहेर पडतो. मांडवातल्या प्रत्येक बाईचं व्रत महाराजांनी स्वतःच्या हातानं, रोज, तांब्यातांब्यानं मोडलं होतं.

महाराज कसलेले होते. "मातेच्या हातात गेली की चिंच चिंच राहत नाही, माई. तत्त्व होते!"

"मंग माह्या डब्यातलं तत्त्व पाहा," नीलिमा म्हणाली. डबा उघडून तिनं देवाजीपुढं धरला. "देवाजीभाऊ, खा."

देवाजीनं दोन फोडी तोंडात टाकल्या. चावल्या, गिळल्या. सगळा मांडव त्याच्या गळ्याकडे बघत होता. देवाजीनं आणखी दोन घेतल्या.

"खाजते का गा?" मांडवातून कोणीतरी विचारलं.

"नाई ना. मस्त हाये. सिद्ध कंद व्हय ना हे?"

"लालदेठी हाये. तुमच्याच घरची. पुनमनं काल दिली," नीलिमा म्हणाली. पुनम ही देवाजीची सून. "अंबाडी टाकली आन् दोन उकळ्या देल्या. बस."

देवाजीची फोड तोंडातच राहिली. आता हेमराजला काय झालं कोण जाणे. त्यानं खिशातून फोन काढला, सासूला कॉल लावला, पांढरदेठीचं विचारलं आणि माइकसमोर धरला. सावरटोलीच्या कमळाबाईंचा आवाज मोहटोल्याच्या भोंग्यातून घुमला: "पांढरी शापित म्हणून आमची पांढरी नेली त्यानं! तुमाले सिद्ध म्हणून देऊन राह्यला काय? अरे, ते माही कोचई हाये!"

त्यापुढचं फार सांगण्यासारखं नाही. महाराजांना एकाएकी अंतर्धान पावावंसं वाटलं. पण पिकअपची चावी हेमराजच्या खिशात जाऊन बसली होती. मांडवामागच्या प्रसादघरात तुपाच्या डब्यात चिंच सापडली आणि चुलीमागं सालींचा ढीग, त्यात लाल देठांचे बुडखे. काही घरांनी शापित म्हणून पुनवेआधीच आणून दिलेली लालदेठीच सोलून, चिंचेच्या पाण्यात शिजवून, गुळात घोळून, सिद्ध कंदाचा प्रसाद म्हणून गावाला खाऊ घातली जात होती. सोलल्यावर आतून सगळ्या पांढऱ्याच की. पोलिसांची गाडी येईपर्यंत महाराज छापील वाघावर बसून होते. गोकुळाबाईंनी माणुसकीनं त्यांना जेवायला विचारलं: लालदेठी, एक वाफ, बिनआंबटाची. महाराज म्हणाले, आज उपास आहे.

यात जादू कोणतीच नव्हती. कोचईच्या गरात सुईसारखे टोकदार, डोळ्यांना न दिसणारे स्फटिक असतात. कच्चट राहिली की ते तोंडाला, घशाला टोचतात आणि खाज सुटते. नीट शिजवलं आणि जोडीला चिंच, अंबाडी असं आंबट घातलं, की त्यांचा जोर मोडतो. इथल्या बाया हे पिढ्यान्पिढ्या करत आल्या आहेत. फक्त आंबट का घालायचं, हे कोणी कधी सांगितलं नव्हतं आणि कोणी विचारलं नव्हतं. सासूनं घातलं म्हणून सुनेनं घातलं. महाराजांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. आधी औषध बंद केलं, मग दुखणं आलं, मग तेच औषध तांब्यातून विकलं.

पोती उघडली तेव्हा सगळ्या घरांचं बियाणं एकमेकांत मिसळलेलं होतं. काही गड्डे बायांनी आकारावरून ओळखले, काहींवरून भांडणं झाली, उरलेले वाटून घेतले. देठ वर आल्यावर कळेल कोणता गड्डा कोणत्या परीचा. देवाजी डोकं खाजवत म्हणाला, "तरीबी, गोकुळाबाई, एकच लावली असती तं बजाराले बरं झालं असतं."

"बजाराले लाव ना, कोण नाई म्हणते?" गोकुळाबाई राख झटकत म्हणाल्या. "पण बोडी भरली तं पाणकोचई येते, बोडी आटली तं लालदेठी येते. एकच लावशीन आन् तिलेच रोग आला, तं काय येपाऱ्याले उकडून खाशीन?"

सावरटोलीची पांढरदेठी परत करायला नीलिमा निघाली, तेव्हा गोकुळाबाईंनी पिशवीत आपल्या लालदेठीचे चार गड्डे जास्तीचे टाकले. आणि ते गड्डे, पहिल्यांदाच, सुनेकडून निवडून घेतले.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं. तुमच्याही गावात कोणी येईल. रंग दुसरा असेल, कंद दुसरा असेल, कदाचित कंदाऐवजी तेल, ताईत किंवा मंतरलेलं पाणी असेल. तो म्हणेल, चव घेऊ नका, सरळ गिळा. म्हणेल, शंका पाप आहे. तेव्हा मोठं शास्त्र यावं लागत नाही. घरातलं, रोजचं, हाताखालचं आठवा, आणि विचारा: काऊन? काऊन विचारल्यानं कोणाचा गळा खाजल्याचं अजून तरी ऐकिवात नाही.